विचारलं तर सांगायचं का

परभणीजवळच्या एका मिशनच्या दवाखान्यात मी जनुकीय समुपदेशक आहे. आईबापांकडून लेकरांत उतरणाऱ्या आजारांबद्दल घरच्यांशी बोलायचं, हे माझं काम. नोकरीवर घेतानाच दवाखाना चालवणाऱ्या ननांपैकी मोठ्या सिस्टरांनी बजावलं होतं, "आपल्याकडे गर्भपात होत नाही, आणि त्याची वाटही आपण कुणाला दाखवत नाही." मी हो म्हणाले. नोकरीची गरज होती.

झरी गावची एक बाई दर तीन आठवड्यांनी चार वर्षांच्या लेकीला रक्त चढवायला आणायची. मुलीला थॅलेसेमिया, अंगात पुरेसं रक्त न बनण्याचा आजार. बाईची सासू म्हणजे तिची सख्खी आत्या; नवराबायको दोघांच्याही रक्तात तोच दोष लपलेला.

एका सकाळी ती एकटीच आत आली आणि दार लोटून घेतलं.

"मॅडम, दोन महिने झालेत. ह्ये बी तसंच निघालं तर?"

चारात एक शक्यता असते, मी सांगितलं. मोठ्या शहरात पोटातल्या बाळाची तपासणी होते, तेही सांगितलं.

"आन् तपासणीत निघालंच तर?"

बाहेर सिस्टरांच्या चपला वाजत होत्या. आवाज लांब गेल्यावर मी हळूच सांगितलं: कायद्यानं काय करता येतं, कुठं, किती दिवसांच्या आत. "ठेवायचं ठरवलं तरी मी आहेच," असंही म्हणाले.

आठवडाभर कुणी दारात आलं की मी आधी सिस्टर आहेत का ते बघायचे. मग सुनेनं घरी विषय काढला आणि एक दिवस सासूच आली. व्हरांड्यातूनच ओरडली, "माज्या सुनंला लेकरू पाडायचं कोन शिकवायलंय हितं?"

सिस्टर खोलीतून बाहेर आल्या. मी उठून दाराशी आले. मागून सून धापा टाकत आली.

"आत्या, म्या इचारलं. मॅडमनं नुस्तं सांगितलं. सुई टोचताना पोरगी वरडती तवा तुमी भाईर जाऊन बसता. धरून मलाच बसावं लागतंय."

सासू व्हरांड्यातल्या बाकावर बसली. सिस्टरांनी मला आत बोलावलं. मी काहीच लपवलं नाही.

"मला हे पटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण तू तिच्याशी खोटं बोलली असतीस तर तेही पटलं नसतं. जा, कामाला लाग."

नोकरी राहिली. भीती मात्र गेली नाही.

महिन्याभरानं, तिनं शहरात जाऊन करून घेतलेल्या तपासणीचा रिपोर्ट माझ्या मोबाईलवर आला. बाळात दोष दोघांकडूनही उतरला होता. तिला फोन लावायला मला अर्धा तास लागला. तिनं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढच्या खेपेला ती मुलीला घेऊन समोर बसली. "पिशवी साफ केली, मॅडम," एवढंच म्हणाली. ती आता मला काय बोलेल, या धास्तीनं मी मान वर केली नाही.

"पोरीचं रक्त किती हाय, बघा की."

मी कागद उचलला. आकडा फार कमी होता. तो तिला वाचून दाखवला आणि आजच रक्त चढवायची चिठ्ठी लिहायला घेतली.