काखेतली मशकबीन

पांढरकवड्यातल्या लग्नांत एक वाजंत्री मशकबीन, म्हणजे देशी बॅगपाइप, घेऊन मिरवतो. "जुन्या काळचं वाद्य हाय, बँडवाल्याचं पोंगं नाही," हे न विचारता सांगतो. मग डोळे मिटतो, गाल फुगवतो आणि काखेतली कातडी पिशवी दाबतो. ती मी एकदा चाचपून पाहिली, तर उशीसारखी मऊ. हवेच्या जागी आत घरचा कापूस कोंबलेला! सूर येतात ते खिशातल्या मोबाइलवरून, गाडीवरच्या स्पीकरमधून.

परवा ऐन वरातीत स्पीकर बंद पडला. याची बोटं मात्र चालूच.

मी म्हटलं, "भाऊ, आवाज कुठं गेला?"

नळी तोंडातून काढून तो गुरकावला, "तुले नाही समजणार. याले कान तयार लागते."

ते ऐकून नवरदेवाच्या मामानं लगेच डोळे मिटले आणि मान डोलवायला सुरुवात केली.