तुळशीच्या गाडीला फुटलेला घाम

उधव्याच्या तुळशीबाईचं नाव काढलं की तिचा हट्ट आधी आठवतो. जमीन हलली तेव्हा तिचं कुडाचं घर कलंडलं. डहाणूला राहणारा मुलगा मुकेश म्हणाला, फ्लॅटवर चल. ही म्हणाली, वावर सोडून दुसऱ्या माळ्यावर मी काय कावळे मोजू?

जवळचं एक रिसॉर्ट तेव्हा नुकतंच बंद पडलं होतं. तिथे पाहुण्यांसाठी चाकांवरची पत्र्याची खोली होती, आत सिलिंडरवर चालणारा हीटरसुद्धा. मालक ती भंगारात काढणार, तोच वर्षानुवर्षं तिथे झाडलोट केलेल्या तुळशीने ती मागून घेतली, बैल जुंपून वावरात आणली आणि वर दुधीचा वेल चढवला. गाव हसलं. हसेना का!

पण पौषात थंडी पडली, हीटर पेटला, आणि सकाळी बघते तो भिंतींवरून पाणी ओघळतंय. गोधडी ओली, गादीखाली काळी बुरशी. शेजारची लाडकी म्हणाली, "तुझी गाडी रडते गं, सासरी आलेल्या पोरीसारखी."

छप्पर गळतंय म्हणून तुळशीने वर चढून डांबर फासलं. पौषात पाऊस कुठला, हे तिला वर गेल्यावर सुचलं! मग बाहेरचं दंव शिरत असेल म्हणून तिने खिडकीच्या फटी शेणमातीने लिंपल्या. कुडाला लिंपतात तशा. पाणी दुप्पट झालं.

मुकेशने फोनवर सांगून टाकलं, रविवारी टेम्पो घेऊन येतो, या ओलीत मरशील.

"भूकंपाने घर सोडवलं, गाव नाही," ती म्हणाली. "आता घामाला भिऊन सोडू?"

म्हणाली खरी, पण रविवार जवळ आला होता. चहाला म्हणून तिने गार टोप गॅसवर ठेवला, आणि त्याच्या बुडाला दंव धरलं. लाकडाच्या चुलीवर टोप काळा होतो. गॅसवर आधी ओला होतो. हे रोजचंच, पण आज तिने हात थांबवला. म्हणजे पाणी बाहेरून येत नव्हतंच. हीटरच्या गॅसच्या जाळातूनच निघत होतं, आणि बाहेर जायची वाट तिनेच बुजवली होती. कूड श्वास घेतो, पत्रा घेत नाही.

तिने शेणमाती खरवडली. छतातली हवेची झडप आणि खालची खिडकी बोटभर उघडी ठेवली. पलंग भिंतीपासून ओढला, त्याच्या फळीवर वारा खेळेल अशा कारवीच्या काटक्या पसरल्या, वर चटई. हीटर दिवेलागणीला थोडा वेळ; झोपताना बंद, आणि दोन गोधड्या.

रविवारी मुकेश आला. त्याने भिंतीवरून तळहात फिरवला, पुन्हा फिरवला. कोरडा. उघड्या खिडकीतून वारा आला तसा तो आखडला.

"आये, थंडी केवढी आहे इथे."

"असू दे. कोरडी आहे."

टेम्पो रिकामा परत कसा जाईल? तिने बुरशी लागलेली गादी आणून त्यात टाकली.

"एवढी ने," म्हणाली, आणि दुधी तोडायला वेलाकडे वळली.