पहिलं कार्ड गजराक्काचं

बायकोला नाही, पोरांना नाही, पलटणीतल्या जोडीदारांनाही नाही. जे आज लिहितोय ते माझ्या तोंडून आजवर कुणी ऐकलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच कदाचित तुम्हाला सांगणं जमतंय. तरी सरळ सांगता येईल असं वाटत नाही. थोडं फिरून यावं लागेल.

मी फौजेत क्लार्क होतो. बंदूक कमी आणि टाइपरायटर जास्त चालवला. सुभेदार होऊन घरी आलो आणि गावानं मला 'सायेब' करून टाकलं. आमचं गाव साताऱ्यापासून एसटीनं तासाभरावर. दोन घरं सोडून तिसऱ्यात कुणीतरी फौजी, त्यामुळे कागदाला आणि हुद्द्याला आमच्याकडं फार मान. सायेब बोलला म्हणजे बोलला. कुणी उलटून विचारत नाही. या गोष्टीचं मला किती सुख वाटायचं, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलंय.

दर बुधवारी सकाळी मी मारुतीच्या देवळाच्या कट्ट्यावर बसायचो. अजूनही बसतो. म्हातारी माणसं पिशव्यांत कागद घेऊन यायची. कुणाला वाटायचं, सरकारी कार्ड दाखवलं की कुठल्याही दवाखान्यात फुकट. मग सांगायचं, बाबा, आधी यादीत दवाखाना बघ, दाखल व्हावं लागतंय, नुसत्या तपासणीला आणि गोळ्यांना ते चालत नाही. कुणाचं रेशनकार्डावर नाव नाही, कुणाचं आधारवर वय चुकलेलं. आमच्या गावात निम्मी म्हातारी एक जानेवारीला जन्मलेली आहेत, कागदावर.

आणि माझ्या शेजारी बसायची गजराक्का.

गजराक्का म्हणजे फौजेत नाईक असलेल्या रंगरावांची बायको. रंगराव जाऊन बरीच वर्षं झाली. वय सत्तरीच्या पुढं, अंगानं काटकुळी, पण डोकं म्हणजे तलाठ्याचं दप्तर. शाळा दुसरीपर्यंत. कुणी वयावरून अडलं की ती सांगायची, "आरं, तू जलमलास तवा आमच्या मळ्यातल्या हिरीला पानी लागलं हुतं. तुझा थोरला भाऊ त्याच्या आदल्या साली." आणि ते बरोबर असायचं. कुणाची सून कुठल्या गावची, कुणाचं रेशनकार्ड पिवळं, कुणाचं ऑपरेशन कधी झालं, सगळं तोंडपाठ. मी टाइप करायचो, ती आठवायची. लोक माझं नाव घ्यायचे, पण निम्मं काम तिचं होतं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं का? नाही.

तिच्याकडं फौजींचं कार्ड होतं, नवऱ्याच्या नोकरीमुळं मिळालेलं. दर महिन्याला ती एकटी एसटीनं साताऱ्याला जायची, फौजींच्या दवाखान्यातून बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या आणायची. गोळ्या हे निमित्त. तिथल्या रांगेत तिच्यासारख्या आणखी तिघी-चौघी यायच्या, रंगरावांच्याच पलटणीतल्या जवानांच्या बायका. डबे उघडायच्या, नवऱ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या, हसून हसून बेजार व्हायच्या. गजराक्का आदल्या दिवशीच इस्त्रीचं लुगडं काढून ठेवायची. महिन्यातला तो एक दिवस तिचा स्वतःचा होता.

मग सत्तरी ओलांडलेल्या सगळ्यांसाठी दवाखान्याचं नवं सरकारी कार्ड निघालं. चांगली गोष्ट होती, आजही म्हणतो. गावात शिबिर घ्यायचं ठरलं. तालुक्याहून पाहुणे येणार, मांडव, लाउडस्पीकर, सगळं. मी सुचवलं की पहिलं कार्ड फौजीच्या बायकोच्या हातात द्यायचं. फौजींचं गाव आपलं, शोभून दिसेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गजराक्काचं नाव फळ्यावर लिहून टाकलं. सुवाच्य अक्षरात.

आता इथं थांबावंसं वाटतंय. पण थांबलो तर परत कधी लिहीन?

त्या दिवशी पाहुणे खुर्चीवर येऊन बसले, ताटात शाल-श्रीफळ तयार, आणि गजराक्काचा अर्ज मी तेव्हाच मोबाईलवर भरत होतो. खरं तर आदल्या दिवशी भरायला हवा होता. पडद्यावर प्रश्न आला: या व्यक्तीला दुसऱ्या सरकारी योजनेचा लाभ आहे का? 'होय' दाबलं. पुढचं पान उघडलं. दोन्हींतली एकच निवडता येईल, नवी निवडली तर जुनी सोडावी लागेल आणि परत फिरता येणार नाही. स्वच्छ लिहिलं होतं. मी वाचलं. क्लार्क माणूस, न वाचता पुढं जात नाही.

गजराक्का शेजारीच उभी होती. तिनं विचारलं, "सायबा, ह्ये नवं घेतलं तर फौजीचं जातंय का रं?"

लाउडस्पीकरवरून तिचं नाव पुकारलं जात होतं. मी म्हणालो, "न्हाई आक्का. दोन्ही ऱ्हात्यात."

ती घुटमळली. "बघ बाबा. माझ्या गोळ्या हायत्या त्यावर."

"मी हाय न्हवं?" मी म्हणालो. आणि तिचा अंगठा यंत्रावर ठेवला. मी ठेवला, माझ्या हातानं.

टाळ्या झाल्या. फोटो झाला. फोटोत ती लाजून हसतेय आणि मी शेजारी ताठ उभा आहे, परेडला असल्यासारखा.

वाटलं होतं, बघू पुढचं पुढं. सरकारी काम, कुठं लगेच बंद होतंय. पण पुढच्याच महिन्यात साताऱ्याच्या खिडकीवर तिला सांगितलं, आजी, तुम्ही हे कार्ड सोडून दिलंय. ती तशीच माघारी आली. दुसऱ्या दिवशी बुधवार होता. कट्ट्यावर दहाबारा जण बसलेले, तिचा मुलगा संपतही होता. ती भांडली नाही. साध्या आवाजात म्हणाली, "सायबा, दोन्ही ऱ्हात्यात म्हनला हुतास तू."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. किती वेळ असेल? एक श्वास. तेवढ्यात मी म्हणायला हवं होतं की चूक माझी. पण मी उचलली जीभ लावली टाळ्याला.

"आवं आक्का, चांगलं समजावून सांगितलं हुतं की तुमाला. एकच घेता येतंय म्हनून. तुमीच म्हनला, नवं द्या. इसरला व्हय?"

कुणीतरी म्हणालं, साठी बुद्धी नाठी, आणि आक्का तर सत्तरीच्या पुढं. लोक हसले. वाईट हेतूनं नाही. ती पण जराशी हसली. म्हणाली, "आसंल बाबा."

कुणाला शंकाही आली नाही. एका बाजूला सुभेदार क्लार्क, दुसऱ्या बाजूला दुसरीपर्यंत शिकलेली म्हातारी. आमच्या गावात दुसरं काय होणार होतं?

गोळ्या बंद पडल्या नाहीत, संपत मेडिकलमधून आणून द्यायला लागला. तो चांगला मुलगा आहे. चांगला आहे म्हणूनच घाबरला. आईला विसर पडायला लागला म्हणून त्यानं तिचं एकटीनं एसटीनं जाणं बंद केलं. सून गॅस पेटवू देईना. चष्मा कुठं ठेवला हे आपण सगळेच विसरतो, पण ती विसरली की घरात एकमेकांकडं बघितलं जायचं. साताऱ्याची रांग सुटली. तिघी-चौघींतली एक वारली, ते तिला फार उशिरा कळलं.

तुम्ही म्हणाल, कट्ट्यावर चारचौघांत तोंडून गेलं, होतं माणसाचं. मीही बरेच दिवस स्वतःला तेच सांगत होतो. पण खरी गोष्ट ती नाहीच. खरी गोष्ट आता सांगतो.

दिवाळीनंतर एका दुपारी ती माझ्या घरी आली. घरात मी एकटा. सोप्यात बसली, पाणी प्याली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "सायबा, रागाला येऊ नगंस. कार्डाचं जाऊ दे. मला खरं सांग. म्या तवा तुला इच्यारलं न्हवतं का रं? मला सारखं वाटतंय, इच्यारलं हुतं. तू माझा अंगठा धरला हुतास, ते बी आठवतंय. पर समदी म्हंत्यात इसरती, इसरती. मग मला कळंना झालंय, ह्ये आठवतंय ते खरं हाय का माझ्या मनाचं."

ती भांडायला आली नव्हती. तिला स्वतःचं डोकं परत हवं होतं, आणि ते द्यायला जगात मी एकटाच होतो. कट्टा नव्हता, पाहुणे नव्हते, कुणी बघत नव्हतं. नुसतं 'व्हय आक्का, इच्यारलं हुतं' एवढं म्हणायचं होतं. ती गावात सांगत फिरली नसती, हेही मला माहीत होतं.

मी म्हणालो, "न्हाई आक्का. इच्यारलं न्हवतं तुमी."

अगदी शांतपणे म्हणालो. मायेनं म्हणालो, याची जास्त लाज वाटते. ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. जिवाला घोर हुता."

त्याच रात्री मी एक अर्ज टाइप केला. चूक अर्जदाराची नसून अर्ज भरणाऱ्याची आहे, सबब फेरविचार व्हावा, खाली माझं नाव आणि हुद्दा. मान्य झाला असता की नाही, माहीत नाही. दिलाच नाही. फायलीत आहे. सही तेवढी राहिली आहे.

बुधवारी लोक अजून येतात. हल्ली म्हणतात, "सायेब, कागदावर लिवून द्या, न्हाईतर आमची गजराक्का व्हायची." मी लिहून देतो.

ती कधीमधी येऊन बसते, पण कट्ट्याच्या पार टोकाला. गेल्या बुधवारी किसनतात्या आपल्या जन्माचं साल विचारायला तिच्याकडं गेला, पूर्वीच्या सवयीनं. मी बघत होतो. तिला आठवलं. तिच्या तोंडावर दिसलं मला, ओठ हललेही. मग तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मला काय इच्यारतोस बाबा? मी इसरती. सायबास्नी इच्यार."

तिनं विचारलं होतं. मांडवात, माझ्या शेजारी उभी राहून विचारलं होतं. तिला सगळं बरोबर आठवत होतं.