कांदा चालणारा देव

देवावर माझा विश्वास नव्हता आणि दारूच्या बाबतीत माझ्यावर कुणाचा नव्हता. अशा अवस्थेत मी कॉलेजातून रजा काढून व्यसनमुक्तीच्या डे-केअर केंद्रात जाऊ लागलो. सकाळी जायचं, डॉक्टरांना भेटायचं, गटात बसून बोलायचं, डबा खायचा आणि संध्याकाळी आपल्या घरी परतायचं. डबा हातात देताना बायको म्हणायची, "चला, पाळणाघराची वेळ झाली." तत्त्वज्ञान शिकवण्यात केस पांढरे केलेला मी डबा घेऊन निघायचो.

केंद्राचा एक नियम मला फार बालिश वाटे. निघण्यापूर्वी तिथल्या समुपदेशक मॅडमना संध्याकाळी कुठे जाणार ते सांगावं लागे. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. "काका, आमच्या दाराला कुलूप नाही," त्या म्हणाल्या, "म्हणून संध्याकाळ आधी ठरवायची." सुटका करून घ्यायला मी म्हणालो, "देवळात जाईन." पंचवटीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी खंडोबाचं लहानसं देऊळ आहे. तेव्हापासून रोज आरतीला मागच्या खांबाला टेकून उभा राहू लागलो. आरती होईपर्यंत बायको बँकेतून घरी येई. बसस्टॉपशी असतो तेवढाच माझा देवाशी संबंध.

मार्गशीर्षात केंद्राची तपासणी आली. काम ठरलेल्या मानकांप्रमाणे चालतं का, ते बघायला अधिकारी येणार होते. उपचाराच्या वेळात रुग्णाला रिकामं ठेवू नये, असं त्या मानकांत आहे म्हणे. आणि त्या अधिकाऱ्यांच्याच सन्मानार्थ आमचा दुपारचा गट रद्द झाला. रांगोळी, फ्लेक्स, शाल, नारळ, सत्कार आणि सत्कार स्वीकारल्याबद्दल आभार. शेवटी जाहीर झालं, "आज सगळ्यांना लवकर सुट्टी." टाळ्या पडल्या. मी मात्र मॅडमना शोधू लागलो. मॅडम पाहुण्यांच्या चहापाण्यात अडकलेल्या, बायको बँकेत, आरती संध्याकाळी आणि वाटेवर माझा नेहमीचा बार.

दारातला वेटर मला ओळखून हसला. त्या दिवशी इतक्या आपुलकीनं माझ्याकडे कुणीच पाहिलं नव्हतं. मी थांबलो. मग मनात म्हणालो, कुणाला ते ठाऊक नाही, "एवढी दुपार मला एकट्याला काढता येणार नाही. बघ तुझं तू." माझी प्रार्थना एवढीच, आणि तिच्यात भक्तीपेक्षा चिडचिड जास्त. पाय पुढे कसे पडले, ते मला अजूनही सांगता येत नाही.

देवळात शांतता असेल असं वाटलं होतं, तर मांडव माणसांनी भरलेला. चंपाषष्ठी होती, मी साफ विसरलो होतो. रात्री महाप्रसाद, वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे. खंडोबाला कांदा चालतो, त्यामुळे मांडवात कांद्याचा हा ढीग. मी सवयीनं खांबाला टेकणार, तोच ढिगाआडून एक बाई म्हणाली, "ओ चष्मेवाले भाऊ, तो खांब पडत नाय. इकडं या."

"मी आरतीसाठी आलोय."

"आरतीला लय टाइम हाय. तवर हात धुवा."

तिनं सुरी दिली. माझा हात थरथरत होता, ते तिनं पाहिलं.

"थंडी वाजतेय का?"

"नाही. दारू सोडलीय. आज फार आठवण येतेय."

कॉलेजात, नात्यात, कुठेही हे वाक्य मला इतकं सरळ जमलं नव्हतं. तिनं सुरी काढून घेतली. "मग तुम्ही सोला, कापायचं मी बघते. आन् रडू आलं तर रडा. इथं समदेच रडत्यात."

ती विंचूरची. दरवर्षी घरचा कांदा घेऊन येणारी. सुनेची तक्रार, गेल्या वर्षीच्या भरितातलं मीठ, बाजारातला कांद्याचा भाव, सगळं मला ऐकावं लागलं. मी सोलत राहिलो आणि रडतही राहिलो. मध्येच मॅडमचा फोन आला, आवाज घाबरलेला. "काका, कुठे आहात?" देवळात, म्हटलं, तर त्यांना पटेना. बाईनं फोन हातातून घेतला. "हायत इथंच. सोडत नाय मी त्यांना, अजून अर्धं पोतं हाय."

आरती झाली, भंडारा उधळला, पोटभर जेवून घरी गेलो. मी घरी आलो की बायको दाराशी माझ्याजवळ क्षणभर जास्त थांबायची. का, ते आम्ही दोघंही कधी बोललो नव्हतो. त्या दिवशी तिनं श्वास घेतला, खोकली आणि म्हणाली, "कांदा." मग हसत सुटली. तिला तसं हसताना मी फार दिवसांनी पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की यापुढे पाहुणे कितीही मोठे असोत, गट चुकणार नाही. खंडोबानं त्या बाईला पाठवलं, की ती आपली दरवर्षीसारखी आली होती, यावर मी वाद घालत नाही. वाद घालण्याचा मला पगार मिळतो, पण इथं नको वाटतो. मला एवढंच कळलं की आपली संध्याकाळ आपल्याला पेलत नसेल तर ती दुसऱ्याच्या हाती द्यावी, आणि तो हात कुणाचा, याची फार चौकशी करू नये. त्या हाताचे उपकार मात्र विसरू नयेत.

यंदा चंपाषष्ठीला दुपारीच देवळात गेलो. बाई ढिगाजवळ बसलेली. तिनं माझे हात उलटेसुलटे करून पाहिले आणि माझ्यापुढे सुरी सरकवली.