दार बंदच होतं

थंड खोलीचं दार त्या दोन दिवसांत एकदाही उघडं राहिलं नव्हतं. हे मला ठाऊक होतं, आणि ठाऊक असून मी उलटं सांगितलं. सांगायचं आहे ते एवढंच. पण एवढ्यावरून कुणाला काही कळणार नाही, म्हणून थोडं मागून सुरू करतो.

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका तंत्रनिकेतनात रेफ्रिजरेशन शिकवतो. वीस वर्षं फळ्यावर तीच आकृती काढत आलो. माझ्यामागून लागलेले दोघं विभागप्रमुख झाले, तेव्हा पंचेचाळिशीत मी पीएचडीला नाव घातलं. विषय घेतला इजेक्टर. शीतयंत्रात द्रव मोठ्या दाबाखाली येतो आणि एका बारीक व्हॉल्व्हमधून सुटताना त्याचा सगळा जोर वाया जातो. त्या जागी इजेक्टर बसवायचा. आत निमुळती पितळी नळी, पुढं रुंद होत जाणारं तोंड. नळीतून द्रव इतक्या वेगानं सुटतो की खोली गार करणाऱ्या कॉइलमधली वाफ ओढूनच नेतो, रंगाऱ्याच्या फवाऱ्यात सुटलेली हवा डब्यातला रंग ओढते तसा. कॉम्प्रेसरचं काम तेवढं हलकं होतं, वीज कमी लागते. फिरणारा एकही भाग नाही. मला ती गोष्ट फार सुंदर वाटायची. अजूनही वाटते, हेही कबूल करून टाकतो.

वर्कशॉपमध्ये लेथवर पितळ कातून चार नळ्या केल्या. पण कॉलेजचं यंत्र खेळण्याएवढं. खरी खोली हवी होती. ती सानगडीच्या पलीकडं एका गावात मिळाली. तिथल्या ढिवरांच्या मच्छीमार संस्थेकडे एक थंड खोली होती. तलावातला रोहू, कतला निघाला की बाजाराच्या दिवसापर्यंत तिथं ठेवायचे. वीज कमी लागेल म्हटल्यावर अध्यक्ष लगेच हो म्हणाले.

खोलीची चावी एका बाईकडे असायची. माझ्याच वयाची, विधवा, स्वतः टोपली घेऊन बाजार करणारी. कुणाचे मासे कुठल्या क्रेटमध्ये आहेत हे तिला तोंडपाठ, आणि भांडणात ती कुणाचीच बाजू घेत नसे, म्हणून गावातल्या बायांनीच चावी तिच्या हातात दिली होती. सगळे तिला चावीवाली म्हणत, आणि तेव्हा त्या म्हणण्यात मान होता. थर्मामीटर तिला वाचता यायचा, पण भरवसा हातावर. रोज सकाळी कॉइलकडून परतणाऱ्या नळीवर तळवा ठेवायची. नळी ओली, गार असली की म्हणायची, "घाम हाये, सगडं बरोबर."

इजेक्टर बसवला त्या दिवशी मी तिला तो कसा चालतो ते सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे जोर लागला त वाफ ओढते. अना जोरच नाही लागला त?"

"लागेल ना. उन्हाळा बघा केवढा आहे."

"हिवाळ्यात जी?"

"हिवाळ्यात तशीही थंडीच असते, बाई," असं म्हणून मी हसलो. तीही हसली. तो प्रश्न तोवर मला कुणी विचारला नव्हता, माझ्या मार्गदर्शकांनीसुद्धा नाही.

त्या मे महिन्यात इजेक्टरनं कमाल केली. बाहेर जेवढं ऊन, तेवढा कंडेन्सरमधला दाब चढा, आणि दाब चढा म्हणून इजेक्टरची ओढ जोरदार. मीटर खाली आला. माझे आलेख इतके सरळ येत होते की ते मी मोबाईलमध्ये काढून चहाच्या टपरीवर पाहत बसायचो.

जुना व्हॉल्व्ह मी काढला नव्हता. बाजूच्या नळीवर तो तसाच ठेवला होता, आणि दोन हातचाकं लावली होती. एक बंद करायचं, दुसरं उघडायचं, की यंत्र जुन्या पद्धतीनं चालू. चावीवालीला हे मीच शिकवलं होतं. एकदा पाऊस पडून हवा गार झाली, नळी कोरडी लागली, आणि तिनं चाकं फिरवून टाकली. मासे चांगले राहिले. माझी दोन दिवसांची रीडिंगं गेली.

मी तिच्यावर ओरडलो. मग इजेक्टर परत चालू केला, पान्हा घेऊन दोन्ही चाकं काढली आणि पिशवीत टाकली.

"चाके नेऊन राहिले का जी? मंग घाम गेला त मी काय करू?"

"मला फोन करायचा."

"तुमी उचलान का?"

"उचलीन हो, का नाही उचलणार?"

पुढं पौषात तलावाचा मोठा ओढा झाला. साऱ्या गावानं मिळून जाळं ओढायचं, आणि निघेल ते एका वेळी खोलीत भरायचं. खोली दारापर्यंत भरली. मी त्या दिवशी नागपूरला परिषदेत होतो, मे महिन्याचे आलेख दाखवत. फोन मुका करून ठेवला होता. संध्याकाळी पाहिलं, तिचे सात कॉल. मला वाटलं, असेल तिचं घामाचं रडगाणं. त्या दिवशी लोक माझं कौतुक करत होते आणि मला ते सोडून कोरड्या नळीविषयी ऐकायचं नव्हतं. मी फोन केला तो दुसऱ्या दिवशी सकाळी.

"सरजी, काल सकाळपासून घाम नाही. मासे नरम पडून राहिले. बरफ आनला, पुरला नाही. ते चाके घेऊन या, पाया पडते."

पोचलो तेव्हा दुपार झाली होती. आवारात शिरताच वास आला. दाबाच्या गेजकडे एकदा पाहिलं आणि सगळं कळलं. थंडीमुळं कंडेन्सरचा दाब पडला होता, दाब पडला म्हणून इजेक्टरची ओढ गेली होती, आणि कॉइलमध्ये द्रव जातच नव्हता. मी चाकं बसवली, फिरवली. अर्ध्या तासात नळी ओली झाली. मासे जायचे ते गेलेच होते.

बाहेर सगळा गाव उभा. अध्यक्ष म्हणाले, "सर, काय झालं म्हनाव?"

माझा प्रबंध अडीच महिन्यांवर होता. दाराकडे माझी नजर गेली. दाराचं रबर जुनं होतं.

"दार नीट लागलं नसेल," मी म्हणालो. "बहुतेक."

बहुतेक हा शब्द मी मुद्दाम जोडला होता. मागाहून त्याच्याआड लपता येईल असं वाटलं असावं.

"दार म्या सोता लावलं, सरजी," ती म्हणाली. "माया हातानं. अना चाके?"

मी खाली वाकून पान्हा पुसत राहिलो.

"सर कायले खोटं बोलन?" गर्दीतून एकजण म्हणाला. "शिकेल मानूस हाये. तूच झोपली असशीन दार सोडून."

अध्यक्षांनी चावी तिथंच तिच्याकडून काढून घेतली. मागच्या पडीक जागेत खड्डा खणून मासे पुरले. ती क्रेट उचलून देत होती. तिच्याशी कुणी बोलत नव्हतं.

एक गोष्ट गावाला माहीत नव्हती. दार किती वेळा उघडतं हे मोजायला मीच चौकटीवर एक स्विच बसवला होता. त्याची नोंद एका मेमरी कार्डावर होत असे. ते कार्ड घरी आणून पाहिलं. मासे भरून झाल्यावर मी पोचेपर्यंत दार दोनदा उघडलं होतं, बर्फ टाकण्यापुरतं, आणि लगेच बंद. ते कार्ड मी मोज्यात घालून कपाटात ठेवलं. प्रबंधात फक्त उन्हाळा गेला. डिग्री मिळाली.

चार वर्षांनी सानगडीच्या बाजारात ती दिसली. गिऱ्हाईक तिला म्हणत होतं, "काय चावीवाली, ताजे हायेत ना? का दार उघडंच होतं?" आसपासच्या बाया हसल्या. तिनं मला पाहिलं.

"या सरले इचार," ती त्याला म्हणाली. "त्यायले सगडं समजते."

गिऱ्हाईक गेल्यावर मी तिच्यापुढं उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. कार्डाचंही. ती खवले काढत होती, हात थांबला नाही.

"मले कायले सांगता? मले त तवाच मालूम होतं. माया नातनीले शाळेत चावीवालीची नात म्हनते लोकं. सांगाचं असन त सभेत सांगा."

म्हणून संस्थेच्या वार्षिक सभेला गेलो. त्यांनी मला खुर्ची दिली, नारळ दिला. ती मागं भिंतीला टेकून बसली होती. मी उभा राहून सांगितलं. चाकं मी नेली. फोन मी उचलला नाही. दार बंद होतं, खोटं मी बोललो. कार्ड टेबलावर ठेवलं. कुणी हात लावला नाही.

मग अध्यक्ष म्हणाले, "सर, मोठं मन हाये तुमचं. कोन सांगते आजकाल असं? जाऊ द्या, जुनी गोष्ट." लोकांनी टाळ्या वाजवल्या. चावी आता अध्यक्षांच्या मेहुण्याकडे असते. तिच्याविषयी कुणी काही बोललं नाही.

सचिवांनी इतिवृत्त वाचून दाखवलं. "सरांनी इजेक्टर या विषयावर सभासदांना मोलाचे मार्गदर्शन केले."

"मी म्हणालो ते लिहा ना," मी म्हटलं.

"तसं नाही लिवत जी सभेच्या बुकात. तुमचंच नाव खराब होईन."

ती उठली. पदर खोचला. "वाचून झालं ना? जाते मी. टोपली उन्हात हाये."

ती दाराबाहेर गेली आणि सचिवांनी बुक माझ्यापुढं सरकवलं. पाहुण्यांची सही लागते म्हणाले. सगळे माझ्याकडं पाहत होते. मी सही केली. नावाआधी डॉक्टर लिहिलं, हाताला सवय झाली आहे.