आचारसंहितेपुरतं माहेर

माझ्या नवऱ्याला रिव्हॉल्व्हरचा शौक आहे. बोलताना मी त्याला अहो-जाहो करते, लिहिताना करणार नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तेवढी मोकळीक मी कमावली आहे.

लायसन निघालं तेव्हा त्याला कारण होतं, हे मी नाकारत नाही. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत आमची डाळ मिल आहे. तेव्हा तूर घ्यायला गावोगाव रोकड घेऊन फिरावं लागे आणि संध्याकाळी तो घरी येईपर्यंत माझ्या जिवात जीव नसे. आता मिलचा सगळा व्यवहार बँकेतून होतो. पानवाल्यालाही हा फोनवरून पैसे देतो. रोकड संपली तसं रिव्हॉल्व्हरही संपायला हवं होतं. झालं उलटंच. कामाचं होतं तोवर ते कपाटात असायचं, बिनकामाचं झाल्यावर कमरेला आलं. लग्न असो, तेरवी असो, नुसतं केस कापायला जायचं असो, शर्ट जरा वर सरकवून हा निघणार.

रविवारी सकाळी आमच्या व्हरांड्यात शौकिनांची बैठक भरते. एक फॉरेस्टमधून रिटायर झालेले साहेब आणि एक रस्त्यांची कामं घेणारा ठेकेदार. साहेबांकडे रिव्हॉल्व्हर, ठेकेदाराकडे पिस्तूल, त्यामुळे या बैठकीत ठेकेदाराची जात जरा खालची. त्याला दर रविवारी तेच ऐकावं लागतं.

"पिस्तुलाचा भरोसा नाही भाऊ," माझा नवरा म्हणतो. "ऐन वक्ताले गोळी अटकली तं काय करशीन? हे पाय, दहा वर्षं कपाटात पडू दे, काढलं का चाललं."

मग चकरी बाहेर काढून दाखवायची. सहा घरं, सहा काडतुसं, भरलंय की रिकामं ते डोळ्याला दिसतं. पिस्तुलाच्या मॅगझिनची स्प्रिंग ढिली पडते, याला तसलं काही नाही. मग ती चकरी अंगठ्याने फिरवायची, टक टक टक, आणि तिघांनी मान डोलवायची. चहा मी द्यायचा.

ऐन वक्त! कोणता ऐन वक्त, हे आजवर मला कोणी सांगितलेलं नाही. दिवाळीत सुतळी बॉम्बची वात पेटली की कानात बोटं घालून आधी घरात पळणारा हा माणूस. लायसनवर मिळतात त्यातली बहुतेक काडतुसं डबीत तशीच पडून आहेत. ते हत्यार भरवशाचं आहे यावर हे तिघं वर्षानुवर्षं बोलताहेत, आणि भरवसा बघायची वेळ एकावरही आलेली नाही.

दिसायला ते देखणं आहे, खोटं कशाला बोलू. हातात घेतलं की वजन जाणवतं, लाकडी मूठ तळव्यात नीट बसते. पण त्याच्या मोहाचं खरं कारण त्या स्प्रिंगमध्ये नाही, हे मला फार पूर्वी कळलं आहे. रिव्हॉल्व्हर ओळखावं लागत नाही. ठेकेदाराचं काळं चपटं पिस्तूल शर्टाखाली मोबाइलसारखं वाटतं, कोणाच्या ध्यानातही येत नाही. पण ती गोल चकरी आणि मागचा घोडा दिसला की लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना कळतं, आणि समोरच्याचा आवाज खाली येतो. ते चालवावं लागत नाही, नुसतं दिसलं की पुरतं. माझ्या नवऱ्याने ते एकदाच खऱ्या अर्थाने वापरलं, आणि तेव्हा त्यात एकही गोळी नव्हती.

आमच्या मुलीने स्वतःच मुलगा पसंत केला. बाभुळगावचा, जनावरांचा डॉक्टर, बौद्ध कुटुंबातला. आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेली शिक्षिका, वडील एसटीत कंडक्टर होते. माझ्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या सरकारी नोकऱ्या आणि वकिली. घरात जात कोणी बोलून दाखवत नाही, पण पाण्याच्या ग्लासापासून सगळीकडे ती असतेच. नवरा आधी आठ दिवस बोलला नाही. मग एकदम म्हणाला, "येऊ दे त्यायले. बसू, बोलू." मी भाबडी, खूश झाले. चिवडा केला, नवे कप काढले.

मुलगा आणि त्याचे आईवडील सोफ्यावर बसले. चहा आला. आणि हा आतून वर्तमानपत्र, तेलाची बाटली, ब्रश, फडकं आणि रिव्हॉल्व्हर घेऊन बाहेर आला. टीपॉयवर पेपर पसरला. "रविवार आहे ना, आमचा सफाईचा दिवस," म्हणाला, हसून. एकेक काडतूस काढून बिस्किटांच्या ताटलीशेजारी उभं करून ठेवलं. मग नळी डोळ्याला लावून तो प्रश्न विचारू लागला. मूळ गाव कोणतं, शेती किती, पगार हातात किती येतो. आवाज इतका गोड की काय सांगू. मध्येमध्ये चकरी फिरवायची, टक टक टक.

मी म्हटलं, "अहो, उचला ते."

"होतच आलं," तो म्हणाला.

मुलाच्या वडिलांनी कप अर्धाच खाली ठेवला. मुलगी दारात उभी होती, तिचा चेहरा मला अजून दिसतो. तेवढ्यात याने बिस्किटाला हात घातला, तशी मुलाची आई शांतपणे म्हणाली, "भाऊ, तेलाच्या हातानं बिस्कीट खाऊ नका. पोटात जाईन तेल."

त्याचा हात तसाच राहिला. ती माणसं उठली, मला नमस्कार केला आणि गेली. मी त्याच्यावर जे तोंड सोडलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याचं आपलं एकच पालुपद, "मी काय केलं? एक शब्द तरी वाकडा बोललो काय? मी तं साफ करून राह्यलो होतो."

आजही तो हेच म्हणतो, आणि आजही माझ्या डोक्याची शीर उठते. शिवी दिली असती तर भांडता आलं असतं. हात उगारला असता तर चारचौघांत जाब विचारता आला असता. याने सगळं काही केलं आणि काहीच केलं नाही, असा हा सभ्य माणूस.

लग्न रजिस्टर पद्धतीने झालं. मी गेले, तो मिलमध्ये काम निघालं म्हणून राहिला. त्यानंतर मुलीने आमच्या घरात पाऊल टाकलं नाही. तिला दिवस गेले तेव्हा मी फोनवर म्हटलं, पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं, ये.

"ते घरात आहे तोपर्यंत मी येत नाही, आई," ती म्हणाली. "बाबा असले तं चालतीन."

मी ते जसंच्या तसं नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, माझ्या घरात काय ठेवायचं ते मी ठरवीन. मी रडले, भांडले, जेवण सोडलं. कशाचा उपयोग झाला नाही. शेवटी माझ्या मदतीला निवडणूक आली. आचारसंहिता लागली की परवान्याची शस्त्रं ठाण्यात जमा करावी लागतात. नोटीस आली, हा तोंड पाडून जाऊन ठेवून आला, आणि तो पायातले बूट काढत होता तोवर मी मुलीला फोन केला होता. घरात नाही आता, ये.

ती आली. आठवा महिना, पाय सुजलेले. आणि ते आठवडे कसे गेले ते आठवलं की मला जास्तच राग येतो, कारण ते इतके चांगले होते. पहिले दोन-चार दिवस नवऱ्याचा हात सारखा कमरेकडे जायचा. मग गेला नाही. तो बाजारातून सीताफळं निवडून आणायचा, मिलमधून लवकर यायचा. तिला दवाखान्यात स्वतः घेऊन जायचा, खड्डा आला की गाडी इतकी हळू करायचा की मागचे हॉर्न वाजवायचे. संध्याकाळी बापलेक व्हरांड्यात पत्ते खेळायचे. तो लबाडी करायचा, ती पकडायची, दोघं हसायचे. जावई यायचा तेव्हाही हा बसून राहायचा, गाईच्या आजारांबद्दल दोन प्रश्न विचारायचा. रविवारी शौकीन मंडळी यायची, पण दाखवायला काही नसल्यामुळे लवकर उठायची. मला वाटलं, सुटला माझा नवरा.

निकाल लागल्यावर मुलीनेच विषय काढला. "बाबा, ते तिथंच राहू द्या ना. मी बाळ घेऊन परत जाईस्तोवर."

"पाहू," तो म्हणाला.

मी रात्रंदिवस त्याच्या मागे लागले. विकून टाका. विकायचं नसेल तर महिनाभर उशिरा आणा, तिथे काही ते उपाशी मरत नाही. तो नुसता हं हं करत राहिला. आणि ठाण्यातून मिळायला लागलं त्याच्या पहिल्याच सकाळी साहेब आणि ठेकेदार गाडी घेऊन दारात हजर. हा इस्त्रीचा शर्ट घालून त्यांच्यासोबत गेला. परत आले ते पेढे घेऊन. पेढे! व्हरांड्यात पेपर पसरला गेला, तेलाची बाटली आली. पोलिसांनी कसं ओलीत ठेवलं यावर चर्चा झाली. मग आत, स्वयंपाकघरात, आम्हा दोघींना तो आवाज ऐकू आला, टक टक टक.

मुलीने हातातली वाटी ठेवली आणि कपडे भरायला गेली. मी व्हरांड्यात जाऊन त्या तिघांच्या देखत म्हटलं, "ती चालली. तिच्यासोबत मीही चालली."

"जाऊ दे, येईन राग उतरल्यावर," तो ठेकेदाराला म्हणाला. मला नाही, ठेकेदाराला. दुपारी जावई घ्यायला आला तेव्हा मी माझी पिशवी आधी गाडीत ठेवली.

बाळंतपण बाभुळगावला झालं. मुलगी झाली, दोघी सुखरूप. विहीणबाईंनी मला त्यांच्या घरात एका शब्दाने परकं वाटू दिलं नाही, उलट मीच दिवसभर शरमेने भांडी घासत राहायची आणि त्या माझ्या हातातून ओढून घ्यायच्या. मी नवऱ्याला फोन करून नात झाल्याचं सांगितलं. त्याचा आवाज भरून आला, हे मी त्याच्या बाजूने नोंदवते. "मी येतो," म्हणाला.

आठवड्याने आला. फाटकापाशी गाडी थांबली, हातात फळांची पिशवी, बाळासाठी झबलं. मी दारातून बघत होते. तो अंगणात चार पावलं आला आणि विहीणबाईंची नजर त्याच्या कमरेवर गेली. माझीही गेली. शर्टाखाली तो उंचवटा होता.

"या, बसा," विहीणबाई म्हणाल्या. खुर्ची दिली, पाणी दिलं. तो पाणी प्यायला. मग उठून आत यायला लागला तशा त्या दारात आल्या. "आत या, पण ते बाहेर ठेवून."

तो गडबडला. "असं कुठं ठेवता नाही येत. कोणाच्या हातात देता नाही येत, कायदा आहे तसा."

"मग बसा अंगणातच," त्या म्हणाल्या, "दोघंही."

तो परत खुर्चीत बसला. आतून बाळ रडलं. तो अर्धवट उठला, खुर्चीचे हात धरून, आणि तसाच थांबला.  मुलगी बाहेर येणार नव्हती आणि तो दारापासून दोन फुटांवर तसा वाकून ऐकत होता. मला त्याची दया यायला हवी होती. मला संतापच आला. सकाळी नातीला बघायला निघताना, अंघोळ करून, झबलं पिशवीत ठेवून, या माणसाने ते कमरेला बांधलं होतं.

"सवयीनं बांधलं गेलं," तो मला म्हणाला.

"मग सवयीलाच घ्या मांडीवर," मी म्हटलं. "नाही तर जा, घरी ठेवा आणि परत या. कितीसं लांब आहे?"

"बरं," म्हणाला. फळं आणि झबलं खुर्चीवर ठेवलं आणि गेला.

विहीणबाईंनी संध्याकाळी कणीक जास्त भिजवली. दोनदा फाटकापर्यंत जाऊन आल्या. आमची जेवणं झाल्यावर त्याच्या वाटच्या पोळ्या त्यांनी फडक्यात गुंडाळून झाकून ठेवल्या. सकाळी त्या कोणी उचलायच्या आत मी चुलीपाशी बसून सगळ्या खाल्ल्या, कोरड्याच, आणि प्रत्येक घासाला त्याला शिव्या दिल्या.