बाबांची मांजरं आणि फ्लूची लस

आमच्या घरात मांजर नाही, कधी नव्हतंही. तरी रात्री जेवताना बाबा विचारायचे, "काय म्हणतात आज तुझी मांजरं?"

मी गुरुग्रामच्या एका कंपनीत लशींवरचे प्रयोग वाचून अहवाल लिहिते. प्राण्यांना हात लावायचा नाही, फक्त वाचायचं. माणसाच्या एचआयव्हीसारखे, प्रतिकारशक्ती पोखरणारे विषाणू माकडांत आणि मांजरांतही असतात. त्यांच्यावरच्या लशी कोणत्या वयात किती संरक्षण देतात, हा विषय त्या वर्षी माझ्या वाट्याला आला होता. केंद्र सरकारच्या नोकरीत जन्म घालवलेल्या बाबांना हे काम म्हणजे फुकटचा पगार वाटे, पण ऐकायला फार आवडे.

एकदा पोळी वाढता वाढता मी सांगितलं, "पिल्लांना हा विषाणू चटकन गाठतो. वाढलेली मांजरं पुष्कळदा लस नसतानाही तग धरतात. म्हणून टोचलेली मांजरं मोठी आणि न टोचलेली लहान असली, तर वयाचं श्रेय उगाच लशीला मिळतं."

बाबांनी यातलं सोयीचं तेवढं उचललं. दुसऱ्या दिवशी नोएडातल्या आमच्या सेक्टरच्या पार्कात त्यांनी ते जाहीर करून टाकलं. तिथे त्यांची निवृत्तांची टोळी आहे: एक पंजाबी, एक बंगाली, दोघे लखनौचे. मुलगी शास्त्रज्ञ, म्हणजे शब्द ब्रह्मवाक्य. मी शास्त्रज्ञ नाही, हे सांगायची बाबांना गरज वाटली नाही.

दिवाळीच्या सुमारास हवा नेहमीसारखी बिघडली आणि डॉक्टरांनी बाबांना फ्लूची लस घ्यायला सांगितलं. बाबा म्हणाले, "बिल्कुल नको. मोठी मांजरं बिनलशीची टिकतात, तूच म्हणालीस. पार्कात आमचं सगळ्यांचं ठरलंय."

आमच्या घराण्यात राग नाकाच्या शेंड्यावर असतो. "बाबा, वाढलेली म्हणजे तरणीताठी मांजरं! म्हातारी नव्हेत. तुम्ही त्यांच्यात कसे बसता?"

"अच्छा, म्हणजे मी म्हातारा?"

"नाही, तुम्ही पिल्लू!"

दोघंही हसलो, पण मागच्या हिवाळ्यात त्यांना न्युमोनिया झाला होता. नाकात ऑक्सिजनची नळी लावलेले बाबा मी पाहिले होते, आणि तसे ते पुन्हा पाहायची माझ्यात ताकद नव्हती. ते मी त्यांना तसंच सांगितलं. बाबा क्षणभर पानातल्या भाताशी खेळत राहिले.

मग त्यांनी फाइलवर शेरा मारावा तसं विचारलं, "माझ्या वयात ही लस काम करते का? खरं सांग."

"तरुणांइतकी नाही करत."

"मग कशाला घ्यायची?"

"कारण काही न घेण्यापेक्षा बरी. हॉस्पिटलची पाळी कमी जणांवर येते."

"हे कसं कळलं?"

"एकाच वयाच्या माणसांचे दोन गट घेतात. एकाला लस, दुसऱ्याला नाही. मग बघतात, आजारी कोण जास्त पडतं."

"दुसऱ्या गटातलेच पडत असणार."

"त्यांच्यातले जास्त पडतात."

बाबा उठले, हात धुतले आणि बातम्या न बघताच झोपायला गेले. मला वाटलं, गाडी पुन्हा अडली.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. पोहे गार झाले तरी बाबा पार्कातून परतेनात. मी फोन केला तर मागे कोलाहल. "क्लिनिकमध्ये आहे," म्हणाले, "आधार कार्ड घेऊन ये."

मी रिक्षा करून धावत गेले. बाकावर पार्कातली अख्खी टोळी बाह्या वर करून बसली होती. बंगाली काकांनी सुईच्या धास्तीने डोळे आधीच मिटून घेतले होते. पंजाबी काका मला पाहून ओरडले, "बेटा, तेरे पापा ने सुबह-सुबह घर से उठाया हमें! चाय तक नहीं पीने दी!"

मला एकदम हलकं वाटलं आणि थट्टा करायची लहर आली. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही तर सगळ्यांनाच आणलंत. तुलनेला एखादा न टोचलेला ठेवायचा ना!"

बाबांनी बाकावरच्या एकेकाकडे पाहिलं.

"यातल्या कुणाला ठेवू, सांग."